चुकलेला पर्याय

ऑक्टोबर 2020मध्ये महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी अंतिम वर्षाच्या परीक्षा घेतल्या, त्या बहुतेक ऑनलाइन आणि बहुपर्यायी. परीक्षेशिवाय पदवी नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 28 ऑगस्टला सांगितल्यावर दुसरा मार्गही नव्हता. पण त्या घाईत एक समजूत रुजली, ती अजून जात नाही: ऑनलाइन परीक्षा म्हटली की पहिला प्रश्न कॉपी कशी रोखायची हाच. कॅमेरा लावा, टॅब बदलला की पेपर बंद करा. संगणकाला आपण सुपरवायझर नेमलं आणि त्याला उत्तम जमणारं काम त्याच्याकडून करूनच घेतलं नाही.

ते काम म्हणजे चूक लगेच दाखवणं. प्रथम वर्ष अर्थशास्त्राला विचारा: महागाईचा दर आठ टक्क्यांवरून पाचवर आला, तर किमतींचं काय झालं? ‘उतरल्या’ म्हणणारे बरेच निघतील; खरं तर त्या वाढतच राहिल्या, फक्त जरा संथपणे. सत्रान्त परीक्षेत हे चुकलं तर का चुकलं, हे कुणी सांगत नाही; फार तर केटी लागते. तेच आदल्या रात्री मोबाइलवर सोडवलेल्या पाच प्रश्नांत चुकलं, तर सकाळी प्राध्यापकापुढे आकडा तयार असतो आणि तास तिथूनच सुरू करता येतो. हार्वर्डमध्ये एरिक माझूर यांनी 1990च्या दशकात पदार्थविज्ञानाच्या वर्गात हीच वाट धरली: प्रश्न, मत, शेजाऱ्याशी वाद, पुन्हा मत. शेजाऱ्याला पटवायचं म्हटलं की मागच्या बाकावरचाही जागा होतो.

रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा 2006चा प्रयोगही इथे आठवतो: एक उतारा वाचल्यावर काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी त्यावर चाचणी दिली. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा उतारा पुन्हा वाचणारे पुढे होते; आठवड्याने विचारलं तेव्हा मध्यंतरी चाचणी दिलेले.

मेख आहे ती गुणांत. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांत आठवड्याच्या असाइनमेंटना 25 टक्के, केंद्रावरच्या परीक्षेला 75. बारा असाइनमेंटपैकी उत्तम आठच धरतात. सवलत शहाणपणाची, तरी उत्तरं ग्रुपवर फिरतातच. माझ्या मते चाचणीला पाचच गुण असावेत, तेही नुसतं सोडवल्याबद्दल, आणि दोन-तीनदा प्रयत्नांची मुभा. चुकायची भीती गेली की कॉपीचं निम्मं कारण जातं. (उरलेलं निम्मं आळसाचं, ते कॅमेऱ्यालाही दाद देत नाही.)

पण प्रश्न काढणार कोण? मोहात पाडणारा चुकीचा पर्याय लिहायला मुलं नेमकी कुठे घसरतात ते ठाऊक असावं लागतं, आणि ते वर्गात वर्षं काढल्यावरच कळतं. आपल्या कित्येक महाविद्यालयांत शिकवणारे तासिका तत्त्वावर. मानधन मिळतं ते घेतलेल्या तासाचं. रात्री प्रश्न रचणं, निकाल चाळणं कुठल्याच बिलात बसत नाही.