मातापित्यांचा मतभेद आणि मुलांचे वळण

पतिपत्नींचे प्रत्येक गोष्टीत एकमत असावे, अशी अपेक्षा कोणताही सुज्ञ मनुष्य करणार नाही. दोघे दोन निराळ्या घरांत वाढलेले असतात. एकाच्या घरी छडीवाचून विद्या नाही अशी समजूत, तर दुसऱ्याच्या घरी मुलाला कधी कोणी बोटही लावलेले नसते. अशा दोघांवर एकाच मुलाला वळण लावण्याचा भार येऊन पडला, म्हणजे मतभेद होणे स्वाभाविकच आहे. प्रश्न आहे तो असा की, जोडीदाराचे वागणे मुलाच्या अहिताचे आहे असे एकास मनापासून वाटत असेल, तर त्याचा धर्म कोणता? घरातील शांततेसाठी मौन धरावे, की मुलाच्या हितासाठी विरोध करावा?

प्रथम नित्याचा प्रसंग पाहावा. जेवताना मुलगा मोबाइल मागतो. आई नाही म्हणते. वडील दिवसभराच्या कामाने थकून आलेले असतात; ते म्हणतात, "असू दे, घटकाभर पाहील." दुसऱ्या दिवशी त्याच गोष्टीवरून वडील रागावतात आणि आई मुलाला पाठीशी घालते. यातून मुलगा इतकेच शिकतो की, 'नाही' या शब्दाला स्वतःचा असा अर्थ नसतो. तो कोणी उच्चारला आणि दुसरे जवळ आहे की नाही, यावर सारे अवलंबून असते. नकार नेहमीच मिळाला असता, तर हट्ट हळूहळू सुटला असता. परंतु कधी नकार, कधी होकार, यामुळे तो अधिकच चिवट होतो. पुढे आईजवळ एक आणि वडिलांजवळ दुसरे सांगण्याची सवय जडते. ही लबाडी मुलाने जन्मतः आणलेली नसते, ती घराने शिकविलेली असते.

याहून खोल परिणाम मनावर होतो. ग्रिच आणि फिंचम या संशोधकांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांना पतिपत्नींच्या भांडणाचे प्रसंग ऐकविले होते. भांडण मुलाविषयी असले, म्हणजे मुलांना अधिक लाज वाटे, ते आपल्यामुळेच झाले असे वाटे आणि आपण त्यात ओढले जाऊ अशी भीतीही वाटे. यात नवल नाही. पैशांवरून झालेला वाद मुलाला कदाचित परका वाटेल. पण ज्या वादात पुन्हा पुन्हा त्याचेच नाव उच्चारले जाते, तो त्याला परका कसा वाटावा? एखादे मूल मग अबोल होते, एखादे उद्दाम होते. अर्थात मुलाच्या सर्वच दोषांचे मूळ आईबापांच्या मतभेदात नसते. पुष्कळदा मूलच स्वभावाने अवघड असते आणि त्याला कसे सांभाळावे यावरूनच मतभेद वाढतात. दोन्ही गोष्टी एकमेकींना खतपाणी घालतात.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी जाणत्या पुरुषास सांगितले आहे की, कर्मात गुंतलेल्या अज्ञ जनांचा बुद्धिभेद करू नये. तो उपदेश मुलांविषयी नाही, हे खरे. तथापि गृहस्थाने तो आपल्या घरापुरता मनात धरण्यासारखा आहे. ज्याची बुद्धी अद्याप स्थिर झालेली नाही, त्याच्यापुढे दोन परस्परविरुद्ध आज्ञा ठेवणे म्हणजे त्याच्या पायांखालची भूमीच काढून घेणे होय.

मग कोणत्याही किमतीने एकमत राखावे काय? याचे उत्तर महाभारतात शोधावे. गांधारीने पतीच्या अंधत्वासाठी स्वतःच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. परंतु पुत्राच्या बाबतीत तिने पतीशी एकमत केले नाही. दुसऱ्या द्यूतापूर्वी तिने धृतराष्ट्रास दुर्योधनाचा त्याग करावयास सांगितले. पुढे उद्योगपर्वात, भर सभेत, पुत्राची दुष्ट बुद्धी ठाऊक असूनही तिला खतपाणी घातल्याचा दोष तिने राजावरच ठेवला. तिचा मतभेद धर्म्य होता. परंतु तोवर दुर्योधन कोणाचेही न ऐकणारा झाला होता. पित्याने लाड केले तर मातेने मौन धरावे, हे खरे एकमत नव्हे. बोलावयाचे ते मूल लहान आहे तोवरच बोलले पाहिजे.

कसे बोलावे, हेही गीतेतच सांगितले आहे. सतराव्या अध्यायातील वाणीच्या तपाचे वर्णन असे की, वाणी उद्वेग न करणारी, सत्य, प्रिय आणि हितकर असावी. यात सत्य सोडावयास सांगितलेले नाही आणि उद्वेगासही मोकळीक दिलेली नाही. म्हणून एकाने दिलेली साधी आज्ञा दुसऱ्याने मुलादेखत मोडू नये. मूल झोपल्यावर शांतपणे बोलावे आणि काय ठरले ते दोघांनीही पाळावे. आजीआजोबांनाही ते आदराने सांगून ठेवावे. मात्र मुलाला मारहाण होत असेल, तर रात्रीची वाट पाहू नये. तेथे तत्क्षणी मध्ये पडणे हाच धर्म होय. आणि वाद मुलापुढे झालाच, तर समेटही त्याच्यापुढेच व्हावा. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ मार्क कमिंग्ज व त्यांचे सहकारी यांना १९९१ च्या अभ्यासात आढळले की, मोठ्यांचे भांडण मिटलेले पाहिले म्हणजे मुलांचा क्षोभ पुष्कळ कमी होतो.

शेवटी प्रत्येक मातेने व पित्याने स्वतःस एक प्रश्न विचारावा : हे मत मुलाच्या हिताचे म्हणून मी धरून बसलो आहे, की ते माझे आहे म्हणून? घरातील कित्येक वाद मुलाच्या नावाने चालतात, पण ते असतात कोणाचा शब्द चालावा यासाठी. हा 'माझे'पणा दोघांनी थोडा सैल केला, तर मतभेद राहूनही मुलाचे वळण बिघडणार नाही. उलट, दोन माणसे भिन्न मतांची असूनही एकमेकांचा मान राखून एका निर्णयास येऊ शकतात, हा संस्कार त्याला घरातच लाभेल.