वृजिन आणि आर्जव

गीतेच्या चौथ्या अध्यायात भगवंत अर्जुनाला ज्ञानाची नौका दाखवितात. तिने जे तरून जावयाचे, त्याला तेथे ‘वृजिन’ म्हटले आहे. श्रीशंकराचार्य त्याचा अर्थ पापाचा समुद्र असा करतात. पण पापाला इतर शब्द असता हाच का योजिला असावा?

अमरकोशात हा शब्द एकाहून अधिक ठिकाणी येतो. प्रथम कांडात तो पापाच्या पर्यायांत आहे, तर तृतीय कांडात जिह्म, कुटिल, वक्र यांच्या पंक्तीत. ऋग्वेदातील सूर्यही मर्त्यांमधील ऋजु व वृजिन पाहणारा आहे. म्हणजे पाप हा वाकडेपणा होय. परंतु अमरकोशाच्या त्याच पंक्तीत ‘नत’ हा शब्दही आहे. मग जे जे वाकले ते ते पाप मानावयाचे काय?

रायपूरच्या गुढियारीतील घाऊक बाजार याचे उत्तर देतो. भार पडला की पारडे खाली जाते. तो त्याचा धर्मच आहे. काटा मारणारा मात्र कललेली दांडी समतोल आहे असे भासवितो. वृजिन आहे ते तेथे.

याच रायपुरात पंडित माधवराव सप्रे यांचे 1926 साली देहावसान झाले. नागपुरातून ‘हिंदी केसरी’ चालविणाऱ्या या मराठी पुरुषाला 1908 साली राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. आप्तांच्या आग्रहापुढे त्यांचे चालले नाही आणि ते क्षमापत्र देऊन सुटले. त्याच वर्षी लोकमान्य टिळक सहा वर्षांची शिक्षा पत्करून मंडालेस गेले. सप्र्यांनी आपल्या कृत्याला मुत्सद्देगिरीचे नाव दिले नाही. ते सार्वजनिक जीवनातून बाजूला झाले, मधुकरी मागून राहिले आणि दासबोधाच्या अनुशीलनात रमले. पुढे मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले ‘गीतारहस्य’ 1915 साली प्रसिद्ध झाले. 1916 साली त्याचा हिंदी अनुवाद आला, तो सप्र्यांच्याच लेखणीतून. न वाकलेल्याचा ग्रंथ वाकलेल्याने हिंदी वाचकांच्या हाती दिला.

पश्चात्तापाने क्षमापत्र पुसले जात नाही, हे खरे. सहकाऱ्यांच्या मनाला जी ठेच लागली असेल, तीही त्याने भरून येत नाही. तथापि भाराखाली वाकणे ही दुर्बलता आहे आणि वाकलेल्याला सरळ म्हणणे हे कौटिल्य आहे; या दोहोंत भेद केलाच पाहिजे. दुर्बलाला उभे राहता येते. कुटिलाला ते जमत नाही, कारण आपण वाकलो आहोत हेच त्याला मान्य नसते.

गीतेत ‘आर्जव’ चार अध्यायांत येते: ज्ञानाच्या लक्षणांत, दैवी संपत्तीत, शारीर तपात आणि ब्राह्मणाच्या स्वभावकर्मात. आचार्य त्याचा अर्थ ऋजुभाव, अवक्रता असा करतात. कधीच न वाकलेला मनुष्य विरळा. म्हणूनच भगवंत त्या नौकेत अत्यंत पापी मनुष्यालाही स्थान देतात. मात्र आपण अजून अलीकडच्या तीरावरच आहोत, एवढे त्याने सरळपणे कबूल केले पाहिजे. पैलतीर गाठल्याची बतावणी करणाऱ्यासाठी नौका थांबत नाही.