आधी मर्यादा, मग जोडधंदा

कोलीय गणातला दीघजाणू बुद्धांकडे आला तेव्हा त्याने काही लपवले नाही. आम्ही संसारी माणसे, बायकामुलांत रमतो, चंदन लावतो, सोनेनाणे बाळगतो. आमचे भले कशात आहे ते सांगा, असे त्याने विचारले. अंगुत्तर निकायातल्या या संवादात बुद्ध त्याला घरदार सोडायला सांगत नाहीत. शेती असो, व्यापार असो की राजाची चाकरी, कष्टाने आणि हुशारीने कर, मिळवलेले जप, संगत चांगली धर, आणि जमा किती, खर्च किती हे ओळखून राहा, असे सांगतात. थोड्या मिळकतीवर थाटात राहणे त्यांना जितके चुकीचे वाटते, तितकेच भरपूर असूनही कंगालासारखे जगणे.

नोकरी सांभाळून संध्याकाळी शिकवण्या घेणारे, साड्यांना फॉल-पिको करून देणारे, दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेणारे आज घरोघरी आहेत. त्यांना हा उपदेश परका वाटणार नाही. दीघ निकायातल्या सिगालोवाद सुत्तात तर सरळ बजेटच आहे: मिळकतीचे चार भाग करावेत, एक उपभोगाला, दोन कामधंद्यात आणि चौथा अडीअडचणीसाठी.

पण इथेच एक मोठा प्रश्न उरतो. मिळकत वाढली की उपभोगाचा पाव हिस्साही वाढतो. पंचवीस हजारांत भागणाऱ्या घरात जोडधंद्याचे दहा हजार येऊ लागले की काही महिन्यांत त्या दहा हजारांनाही वाटा फुटतात, आणि मग तो धंदा सोडणे परवडत नाही. हिश्शांचा हिशेब चोख असतो. पुरे कधी म्हणायचे, हे मात्र तो सांगत नाही.

ते जैन श्रावकाचे, म्हणजे गृहस्थ उपासकाचे, परिग्रह-परिमाण व्रत सांगते; परिग्रह-परिमाण म्हणजे मालमत्तेला घातलेली मर्यादा. इथे हिस्सा नसतो, आकडा असतो. उपासकदशांग सूत्रातला आनंद श्रावक हा वाणिज्यग्रामचा धनाढ्य गृहस्थ. चार कोटी सुवर्ण ठेवीत, चार कोटी व्याजाने लावलेले, चार कोटी घरादाराच्या पसाऱ्यात. शिवाय गाईंचे कळप, पाचशे नांगर, गाड्या, नौका. महावीरांसमोर त्याने यातले काही टाकले नाही, पण यापुढे यापेक्षा अधिक नको, असे व्रत घेतले. मग तो बारीकसारीक गोष्टींकडे वळला. दात घासायला ओल्या ज्येष्ठमधाची काडी, अंग पुसायला एकाच प्रकारचे वस्त्र, प्यायला पावसाचे पाणी, बाकीचे वर्ज्य. कमाईच्या वाटेलाही कुंपण होते: जंगले जाळणे, विषाचा किंवा हस्तिदंताचा व्यापार अशी पंधरा कामे श्रावकाला निषिद्ध. मर्यादा आधी ठरते आणि पैसा नंतर येतो, हा क्रम फार मोलाचा आहे. पैसा हाती आल्यावर बसून ठरवलेली मर्यादा सहसा त्या पैशाइतकीच ठरते.

मात्र हे व्रत बारा कोटींच्या धन्याचे आहे, हे विसरून ते कुणाच्याही गळ्यात बांधता येणार नाही. जिच्या घरचा पगार विसाव्या तारखेलाच संपतो, तिला संतोषाचा उपदेश करणे हा अन्याय आहे. 15 मार्च 1959 रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात जणींनी उसन्या 80 रुपयांवर पापड लाटायला घेतले, त्यातून ‘लिज्जत’ उभे राहिले. पुढे पीठ घरी न्यायचे, घरकाम उरकून लाटायचे, उपड्या टोपलीवर वाळवायचे आणि मोजून परत द्यायचे. या बायकांनीही सुरुवातीलाच एक मर्यादा घातली होती: तोटा झाला तरी कुणाकडे देणगी मागायची नाही. नफा-तोटा सगळ्यांचा. गरज खरी असतानाही पैसा कुठल्या वाटेने घ्यायचा नाही, हे त्यांनी आधीच ठरवले. अशा वाटेचे मोल बुद्धांनीही ओळखले होते. अनाथपिंडिक या आपल्या गृहस्थ उपासकाला त्यांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली: धन असण्याचे, ते भोगण्याचे, ऋण नसण्याचे आणि निर्दोष वर्तनाचे. पहिल्या तिन्हींना या चौथ्याच्या सोळाव्या हिश्शाचीही सर नाही, असे ते म्हणाले.

आजच्या जोडधंद्याच्या वहीत बहुधा एकच रकाना कोरा असतो, तो वेळेचा. रात्री अकराला पाठवलेली शेवटची ऑर्डर जमेत लिहिली जाते, पण त्यापायी गेलेली झोप आणि मुलाशी न झालेले बोलणे खर्चात लिहिले जात नाही. परिमाण पैशाला लावायचे, तर या तासांनाही लावायला हवे. आनंद श्रावकाने तेही केले. व्रत घेतल्यावर चौदा वर्षे त्याने संसार आणि व्यवहार दोन्ही सांभाळले, आणि पंधराव्या वर्षी थोरल्या मुलाच्या हाती कारभार सोपवून तो पौषधशाळेत, म्हणजे व्रत-उपवासाच्या जागी, राहायला गेला.