'येते' की 'येतो'?

माझा सहा वर्षांचा भाचा निघताना म्हणाला, "मामा, मी येते." ताईने दटावलं, "येतो म्हण!" वर्षभर हेच चाललंय. हल्ली तो बोलणंच टाळतो.

बग दिसला की फिक्स करायचा, ही माझी सवय. पण इथे बग नक्की कुठे आहे? 2013 साली अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी 'विकार' शब्द काढून 'जेंडर डिस्फोरिया' आणला. निदान ओळखीचं नाही, त्यातल्या घुसमटीचं. काही मुलांची ही भावना टिकते, काहींची बदलते. वयात येण्याआधी यावर औषधं देत नाहीत. म्हणजे घाई फक्त आपल्याला आहे.

उत्तर माहीत नसताना माया करता येते का, एवढाच प्रश्न. काल तो हळूच "येते" म्हणाला. मी म्हटलं, "ये हं, लवकर ये."