कोरे पत्र आणि भरलेला निरोप

तापी आणि पूर्णा या नद्यांचा संगम होतो तेथे, मुक्ताईनगर तालुक्यात, चांगदेवांचे देऊळ आहे. खानदेशच्या वारकऱ्याला हे नव्याने सांगावयाचे कारण नाही. चौदाशे वर्षे जगलेले म्हणून ज्यांची कथा आपण ऐकतो, ते चांगदेव माउलींना पत्र लिहावयास बसले आणि मायन्यापाशीच अडले. नमस्कार लिहावा तर हा पोर वयाने लहान. आशीर्वाद लिहावा तर ज्ञानाने थोर. शेवटी कोराच कागद पाठविला. मुक्ताईने त्यावर केलेला विनोद कीर्तनकार रंगवून सांगतात आणि आपण पोटभर हसतो. माउलींनी मात्र त्या कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचे उत्तर दिले.

अलीकडे त्या हसण्यात मला सामील होववत नाही. पत्र कोणाकडे जात आहे, आपण त्याचे कोण लागतो, हे उमजल्यावाचून एक अक्षर लिहू नये, एवढी भीड त्या योग्याला होती. आमच्या हातातल्या मोबाईलला ती भीड नाही. अंगठा दाबला की निरोप शंभर घरांत गेला. त्याचा मायना नाही, खाली सही नाही, आणि आपण तो पाठविला हे संध्याकाळी आपल्यालाच आठवत नाही!

हे दुसऱ्याला शिकवावे म्हणून लिहीत नाही. सन 2018 च्या जून महिन्यात मुले पळविणाऱ्या टोळ्यांचे निरोप सगळीकडे फिरत होते. अनोळखी माणसे वेष पालटून गावात येतात, भिकारी बनून येतात, लेकरांना सांभाळा, असा मजकूर. असा एक निरोप मला आमच्या भजनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. मी तो वाचला, नातवंडे अंगणात खेळत होती तिकडे पाहिले, आणि पाच-सहा ठिकाणी पाठवून दिला. खरे की खोटे, हा प्रश्न मनात आलाच नाही असे नाही. आला, पण 'खोटे असले तरी सावध राहायला काय हरकत?' असे म्हणून मी त्याला वाटेला लावले.

1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे आदिवासी गाव आहे. तेथे त्या दिवशी आठवडी बाजार होता. पाच भिक्षेकरी गावात आले. त्यांच्यापैकी कोणी एका लहान मुलीशी बोलला, एवढे निमित्त झाले. मुले पळविणारे आले, अशी हाक उठली. त्यांना मारीत ग्रामपंचायतीच्या खोलीत नेले, आणि तेथे त्या पाचही जणांचा मारून मारून जीव घेतला. सोडवावयास गेलेल्या पोलिसांनाही मार बसला. लोक मोबाईलवर त्याचे चित्रणही करीत होते. त्याच रात्री मालेगावातही असाच जमाव उठला. तेथे पाच जणांना, त्यांत एक दोन वर्षांचे मूल होते, पोलिसांनी वाचविले म्हणून बरे. ज्यांना मुले पळविणारे म्हटले त्यांच्याच कडेवर मूल होते.

राईनपाड्यास मेले ते नाथपंथी डवरी गोसावी. डवर वाजवीत दारोदार जाणारी, पिढ्यान्‌पिढ्या भिक्षेवर जगणारी ही भटकी जमात. वारकऱ्याने येथे क्षणभर थांबले पाहिजे. निवृत्तिनाथांना अनुग्रह गहिनीनाथांचा, आणि निवृत्तिनाथ हे माउलींचे गुरू. म्हणजे आपल्या संप्रदायाच्या मुळाशी जी झोळी आहे तीच त्यांच्या खांद्यावर होती. आणि ते बहुतेक कोठले? मंगळवेढे तालुक्यातले. दामाजीपंतांनी दुष्काळात धान्याची कोठारे उघडली ते मंगळवेढे. चोखोबा जेथे कोसळत्या भिंतीखाली गेले ते मंगळवेढे, कान्होपात्रेचे मंगळवेढे. त्या वर्षी आषाढी 23 जुलैला होती, म्हणजे अवघ्या बावीस दिवसांवर. आम्ही पंढरीच्या वाटेकडे डोळे लावून बसलो होतो, आणि त्या वाटेच्या पलीकडून आलेली माणसे आमच्या खानदेशात अशी मारली गेली.

माझा निरोप राईनपाड्यापर्यंत गेला होता काय? मला ठाऊक नाही, आणि ठाऊक होण्याचा मार्गही नाही. बरेच दिवस हे न कळणेच मी आधाराला धरून बसलो होतो. हजारांनी पाठविला, त्यात माझा एक. पाप वाटून घेतले तर वाट्याला येईल केवढेसे? पण पाप असे वाटले जाते काय? लग्नाच्या पंगतीतला लाडू वाटला म्हणजे कमी होतो. दिव्याने दिवा लावला तर पहिल्याची ज्योत कमी होत नाही; आणि आगीचेही तसेच आहे. ज्याने गंजीला काडी लावली त्याने पूर्ण लावली, मग शेजारी आणखी दहा जण काड्या घेऊन उभे का असेनात.

आणखी एक गोष्ट मला पुढे उमगली. त्या मजकुराला स्वतःची पत नव्हती. तो कोणी लिहिला हे कोणास ठाऊक नव्हते. मग लोकांनी विश्वास ठेवला तो कोणावर? माझ्यावर! 'बुवांनी पाठविले आहे, माळकरी माणूस, उगीच पाठविणार नाही,' असे म्हणून तो माझ्या घरातून पुढे गेला. गळ्यातल्या तुळशीने त्या खोट्याला जामीन दिला. म्हणून 'मी फक्त पुढे ढकलले' हे म्हणणे टिकत नाही. उधारी दुसऱ्याची असेल, पण हुंडीवर सही आपली आहे.

त्या वर्षी देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एकीची हकीकत ऐकण्यासारखी आहे. मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यात खेळणारे पोर उचलून नेतात, असे तीत दिसे. ती मुळात पाकिस्तानातील कराची शहरात लोकांना मुलांविषयी सावध करण्यासाठी केलेली होती. मूळ फितीत ते दोघे मूल परत आणून देतात आणि एक फलक दाखवितात. फलक दाखविण्याचा तो शेवट कोणी कापून टाकला. एक तुकडा गाळला आणि उपदेशाचे विष झाले. कीर्तनाचा पूर्वरंगच ऐकून उठून जाणारा मनुष्य गावात काय सांगत सुटेल, तसे हे.

राईनपाड्याच्या लोकांना अडाणी, रानटी म्हणून मोकळे होणारे मी पुष्कळ ऐकले. मला ते पटत नाही. लेकरू जाईल ही भीती खोटी नसते. ती मायेतूनच उठते. माझ्याही मनात ती मायेतूनच उठली होती आणि मी तर चार बुके शिकलेला. नुसती माया पुरत नाही, तिला विवेकाची सोबत लागते, हे आपण कीर्तनात नेहमी ऐकतो. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगितले आहे. तेथे सत्य, प्रिय आणि हितकर या गुणांच्याही आधी उद्वेग न करणे हा गुण ठेवला आहे. हा क्रम पूर्वी कधी माझ्या ध्यानात आला नव्हता.

पुढे कायदे व उपाय झाले. त्याच जुलैत व्हॉट्सॲपने पुढे ढकललेल्या निरोपावर तशी खूण दाखविण्यास आरंभ केला आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप ढकलता येईल असे केले. 17 जुलैला सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या हत्या रोखण्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यात जबाबदार पोलीस अधिकारी नेमावयास सांगितले. सन 2021 मध्ये सरकारने नियम केला की, मागणी झाल्यास निरोप प्रथम कोणी पाठविला हे कंपनीने सांगावे. त्यावर कंपनी दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेली. तिचे म्हणणे असे की निरोपाला पाठविणाऱ्यापासून घेणाऱ्यापर्यंत कुलूप आहे, ते आम्हालाही उघडत नाही, आणि असा माग ठेवावयाचा तर सर्वांचेच कुलूप मोडावे लागेल.

येथे भला माणूस चक्रावतो. मीही चक्रावलो. सासरी गेलेल्या मुलीने आईला लिहिलेले कोणी तिऱ्हाइताने वाचावे, हे कोणाला आवडेल? 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा एकमुखाने निर्णय दिला, तो मला योग्यच वाटतो. पाकीट बंद असावे. पण पाकीट बंद असले म्हणजे आत काय घातले याचा साक्षी एक आपण, आणि दुसरा विटेवर उभा आहे तो. पोलिसाला दिसत नाही म्हणून जबाबदारी संपत नाही. उलट ती सगळी आपल्या अंगावर येते. आणि पहिला पाठविणारा सापडला तरी हजारावा सुटला असे कोठे होते?

हीच बेफिकिरी खऱ्या मजकुराच्या बाबतीतही चालते. दोन वर्षांमागे आमच्या दिंडीची यादी कोणी ग्रुपवर टाकली. नाव, गाव, वय, फोन, आधार क्रमांक, आणि औषधपाण्याची सोय व्हावी म्हणून लिहून घेतलेले आजारसुद्धा. हेतू चांगला. पण एका माउलीचा आजार तिच्या सुनेलाही ठाऊक नव्हता, तो चारशे जणांना कळला. पुढे काही म्हाताऱ्यांना बँकेतून बोलतो म्हणून फोन आले. एकाने आकडा सांगितला आणि वारीसाठी साठविलेले पैसे गेले. ते त्या यादीमुळेच असे मी म्हणत नाही. यादी टाकणारा मात्र आजही म्हणतो, त्यात खोटे काय होते? खोटे काहीच नव्हते. ते त्याचे नव्हते, एवढेच.

माझ्या त्या निरोपाविषयी शेवटचे सांगावयाचे राहिले. राईनपाड्याची बातमी आली त्या रात्री मी तो माझ्या मोबाईलमधून पुसला. तेवढ्याने तो माझ्याच मोबाईलमधून गेला. दुसऱ्या दिवशी भाचा आला, त्याच्याकडे तो मला दिसला. मी रागावून म्हटले, असले घाणेरडे कोठून आणलेस? तो माझ्याकडे पाहतच राहिला. म्हणाला, "मामा, तुमनाकडथीनच उना ना."

पुढच्या आषाढीला पंढरपुरी महाद्वारापाशी चोखोबांच्या समाधीचे दर्शन घेऊन मी वळलो, तर गर्दीच्या कडेला एक डवरी गोसावी उभा होता. त्याच्या झोळीत मी काही घातले. त्याने माझे गाव विचारले. मी खानदेश म्हणालो. तो आणखी काही बोलला नाही, आणि त्याचे गाव कोणते, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.