डबा कॅमेरा

1982 साली गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, त्याआधीची गोष्ट. आलापल्लीचा एक वनरक्षक लेकीला घेऊन एस.टी.नं चांद्याला आला. सातवीत पहिली आलीस तर कॅमेरा, असा शब्द त्यानं दिला होता आणि पोरीनं तो वसूल केला होता. त्याच गाडीनं सागाचा एक ठेकेदारही पोराला घेऊन आलेला. दोघंही जटपुरा गेटाजवळच्या एका फोटो स्टुडिओत शिरले.

ठेकेदारानं कपाटातला सगळ्यात महाग कॅमेरा काढायला लावला. कातडी केस, भिंगाभोवती आकड्यांची कडी. पोरानं हात पुढे केला तसा बाप खेकसला, "हात नोको लावू, पाडशील!"

वनरक्षकाची नजरही तिकडंच. खिसा चाचपत तो म्हणाला, "थोडं उधार ठेवलं तं जमते का?"

स्टुडिओवाले काका हसले. "गार्डसाहेब, कॅमेरा एकदाच घ्याल, रोल दरवेळी लागल. धुवायचे पैसे दरवेळी लागतील. सारे पैसे डब्यातच घातले तं पोरगी फोटो कायचे काढल?"

मग त्यांनी बडोद्याला बनणारा आगफा क्लिक थ्री पुढं ठेवला. प्लास्टिकचा, हलका. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो. निगेटिव्ह एवढी मोठी की तिच्याच मापाचा कॉन्टॅक्ट प्रिंट चालतो, मोठा करून घेण्याचा खर्च वाचतो. उरलेल्या पैशांत काकांनी उटीच्या कारखान्यातले 'इंदू' रोल बांधून दिले.

पहिला रोल बहुतेक वाया गेला. बकरी पळाली, तिचा नुसता पांढरा पट्टा उमटला. आजीला अगदी जवळून टिपली, ती धुरकट आली. काकांनी सांगितलं, पाच-सहा पावलं मागं सर, कोपर पोटाशी घट्ट धर, ऊन पाठीवर घे. बाकीचं पोरगी जंगलात शिकली. पावसाळ्यात सागाखाली काढलेले फोटो काळेठिक्कर येत, पण उन्हाळ्यात साग पानं टाकतो आणि तिथंच उजेडाला तोटा नसतो. मोहफुलं पहाटे वेचतात, तेव्हा अंधार असतो म्हणून ती थांबायची आणि ऊन चढलं की अंगणात वाळत घातलेली फुलं टिपायची. बाराच फोटो असल्यानं कळ दाबण्याआधी विचार करावाच लागे. माझ्या मते तिला खरं शिकवलं ते या मोजदादीनं.

दिवाळीच्या सुमारास ठेकेदार कॅमेरा घेऊन स्टुडिओत आला. पावसाळाभर तो केससकट कपाटात बंद होता आणि भिंगावर आतून बुरशीची जाळी चढली होती.

"किती रोल काढले?" काकांनी विचारलं.

"एक बी नाही. लग्नासाठी ठेवला होता."

वनरक्षकाची पोर बापासोबत रोल न्यायला तिथंच आली होती. ठेकेदाराचा पोरगा काउंटरवरचे तिचे प्रिंट पाहत होता.

"हा बैल इतका सरळ कसा उभा राहिला?"

"बैल कुठं राहते? मीच थांबली."

"मले काढू देशील का एक?"

तिनं बापाकडं पाहिलं, मग पोराच्या हातात कॅमेरा दिला आणि पाठीमागच्या लाल खिडकीत आकडा दिसेपर्यंत गुंडी फिरवायला लावली.

"सात नंबर तुझा. चाल बाहेर, ऊन पाठीवर घेजो."