थेंबाला घासावं लागत नाही

सतराव्या शतकात हॉलंडमध्ये तत्त्वज्ञ स्पिनोझा भिंगं घासून पोट भरत होता. काचेचा तुकडा, खरखरीत भुकटी आणि तासन्‌तास फिरणारा हात. भिंगाचं मोल त्याच्या गुळगुळीतपणात, आणि तो मेहनतीशिवाय मिळत नसे.

स्पिनोझाच्या मृत्यूनंतर एकोणीस वर्षांनी, १६९६ मध्ये, कँटरबरीचा रंगारी स्टीफन ग्रे यानं पितळी पत्र्याच्या बारीक भोकात पाण्याचा थेंब बसवला आणि त्यालाच सूक्ष्मदर्शक केलं. थेंबाला घासावं लागत नाही. पृष्ठताण त्याची पाठ आपोआप गोल आणि नितळ ठेवतो. अट एकच: थेंब लहान हवा. पावणेतीन मिलिमीटरच्या पुढे पाणी स्वतःच्या वजनानं बसू लागतं. त्याहून बरंच लहान असलं, तर गुरुत्वाकर्षणाचं त्याच्यापुढे फारसं चालत नाही. इतकं लहान असणं हीच इथे ताकद आहे, आणि मला हे फार मोलाचं वाटतं.

आज याच गुणावर सूक्ष्मभिंगांची लवचिक जाळी तयार करतात. काचेवर पाणी धरणारे सूक्ष्म ठिपके ओळीनं आखायचे, मधली जागा पाणी झिडकारणारी ठेवायची. थेंब ठिपक्यांवरच बसतात, सगळे एकसारखे. काच पाण्याला पसरू देते, अळूचं पान त्याला गोळा करून ठेवतं. पृष्ठभागाचा हा स्वभाव बदलून भिंग चपटं हवं की फुगीर, ते ठरवता येतं. फुगीर भिंग प्रकाश जवळ एकवटतं, चपटं लांब.

पाणी मात्र उडून जातं. म्हणून थेंब आहेत तोवर त्यांच्यावर पातळ सिलिकॉन रबर ओतून ते घट्ट होऊ देतात. सोलून काढलं की त्यात थेंबांचे खळगे उमटलेले असतात. त्या साच्यात पुन्हा रबर ओतलं की खळग्यांचे उंचवटे होतात: मऊ, पारदर्शक पडदा आणि त्यावर शेकडो भिंगं. दुसऱ्या रीतीत छपाईयंत्रासारखे राळेचे थेंब टाकून अतिनील प्रकाशात कडक करतात.

असा पडदा वाकतो, हेच महत्त्वाचं. सपाट पडद्यावरची भिंगं एकाच दिशेला बघतात. घुमटावर बसवलेली चहूकडे. २०१३ मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी कीटकाच्या डोळ्यासारखा कॅमेरा बनवला. त्यातली १८० मऊ भिंगं थेंबांची नव्हती, साच्यात ओतलेली होती, पण रबर तेच आणि वाकण्याची किमयाही तीच. त्याला एका वेळी १६० अंशांचा पट्टा दिसत होता.

घरात शिकतं मूल असेल तर आज त्याला एवढं करून दाखवा. पारदर्शक प्लास्टिकवर पाण्याचा बारीकसा थेंब ठेवा, प्लास्टिक वर्तमानपत्रापासून किंचित वर धरा आणि अक्षर बघा. मग थेंब मोठा करून पुन्हा बघा. अक्षर कुठे अधिक मोठं दिसलं, ते त्यालाच सांगू द्या.